पालथा कप

१

बातमी आली त्या मंगळवारी सकाळी नखलेच्या चष्म्याच्या दुकानात मठातल्या एक वयस्कर सिस्टर बसल्या होत्या. चष्म्याची डावी दांडी सैल झाली होती. प्रार्थनेला मान खाली घातली की चष्मा सरळ पुस्तकावर पडतो, अशी त्यांची तक्रार होती. सरकारी वीज नुकतीच गेली होती आणि मोहल्ल्याचा जनरेटर अजून सुरू झाला नव्हता, म्हणून नखले दाराजवळच्या उजेडात उभा राहून बिजागरीचा स्क्रू बसवत होता.

फोन हागोपचा होता. हागोप गाडी चालवायला शिकवायचा. शेजारी शिकाऊ माणूस स्टिअरिंग धरून बसलेला असताना फोनला हात लावायची त्याची छाती होत नसे.

"नखले, बसलायस का?"

"उभा आहे. बोल."

"बस आधी."

"हागोप, बोटांत स्क्रू आहे माझ्या. बोल पटकन."

"अफीफ..." हागोप थांबला. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "पहाटे. झोपेतच. त्याच्या मदामनं आत्ता कळवलं."

नखलेनं स्क्रू घट्ट केला. दांडी दोनदा उघडमीट करून पाहिली, काचा पुसल्या, आणि चष्मा स्वतःच्या हातानं सिस्टरांच्या नाकावर ठेवला.

"मान खाली घाला."

सिस्टरांनी घातली. चष्मा पडला नाही.

"किती द्यायचे, बाळा?"

"आज काही घेत नाही."

मग त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि चालत घरी निघाला. तो आणि अफीफ एकाच इमारतीत वाढले होते, एकाच इमारतीत राहत होते; नखले दुसऱ्या मजल्यावर एकटा, अफीफ पाचव्यावर बायकोबरोबर. जिना चढताना त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की दोन डाव राहिलेत. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तो कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिला.

२

दर गुरुवारी, दुपारची जेवणं आटोपली की, अफीफच्या मागच्या खोलीत पोकर बसायचं. अफीफ, त्याच्या डावीकडे बेकरीवाला समआन, मग हागोप, मग नखले, आणि पुन्हा अफीफ. जागा ठरलेल्या. उन्हामुळे खिडक्यांच्या झडपा बंद, टेबलावर लोंबता दिवा, कडेला काचेचं कपाट. पत्ते वाटायची पाळी ज्याची असेल त्याच्यासमोर बॅकगॅमनच्या पटातली एक काळी सोंगटी ठेवायची. डाव झाला की ती डावीकडे सरकवायची.

हा खेळ ते लढाईच्या दिवसांत याच इमारतीच्या तळघरात शिकले होते. तेव्हा उठायचं कधी हा प्रश्न नव्हता. वरचे तोफगोळे थांबले की खेळ थांबे. एकदा नखले कंटाळून मध्येच उठला तेव्हा अफीफनं त्याचा सदरा धरून खाली बसवलं होतं. "डाव संपू दे. मध्येच उठायचं नाही." त्यानंतर काही वेळातच जिना कोसळला. त्या दिवसापासून नखले मध्येच कधी उठला नाही. पुढे तर त्याला उठताच येईनासं झालं. हरत असला तर भरून काढायचं म्हणून बसे, जिंकत असला तर हात चालतोय म्हणून बसे. बाकीचे ताटकळत. समआनची भट्टी पेटवायची राहून जाई.

शेवटी अफीफनंच तोड काढली. त्याची दुसरी कॉफी संपली की तो कप बशीत पालथा घालायचा. कप पालथा पडला की एकच फेरी उरली. सोंगटी फिरत फिरत पुन्हा अफीफसमोर आली की शेवटचा डाव तो स्वतः वाटणार, आणि तो झाला की खेळ खलास. बाकी कुणी कप पालथा घालायचा नाही. शेवटचा डाव दुसऱ्या कुणी वाटायचा नाही. मग अफीफ कप सरळ करायचा, तळाशी चिकटलेल्या गाळात डोकावायचा आणि गंभीरपणे भविष्य सांगायचा. "नखले, लांबचा प्रवास दिसतोय. पार दुसऱ्या मजल्यापर्यंत."

"पण तुला कळतं कसं रे, आता पुरे म्हणून?" नखलेनं एकदा विचारलं होतं.

"समोरच्याच्या हातांकडे बघायचं सोडून मी स्वतःच्याच हातांकडे बघायला लागलो, की कळतं."

अफीफ बोलायचा कमी. चाल द्यायची नसेल, पाळी पुढे सोडायची असेल, तर लग्नाच्या अंगठीनं टेबलावर एकदा टक् करायचा. दोनदा टकटक केली की ती नखलेसाठी असायची. नखले पत्ते धरून विचार करत बसला की ती यायची, आणि तिचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. तुझी चाल.

मरणाआधीच्या त्या गुरुवारी कप पालथा पडला होता. समआनचं वाटून झालं, हागोपचं वाटून झालं. सोंगटी नखलेसमोर आली आणि वीज गेली. चौथ्या मजल्यावरच्या बाई भाजीच्या पिशव्यांसकट लिफ्टमध्ये अडकल्या आणि ओरडायला लागल्या. चौघं धावले. गच्चीवरचं चाक हातानं फिरवून लिफ्ट खाली घेईपर्यंत समआनच्या बायकोचे फोन सुरू झाले, आणि बाईंनी मोठ्या आग्रहानं दिलेले दोडके हातात घेऊन जो तो आपल्या वाटेला लागला.

"दोन डाव राहिले," नखले म्हणाला.

"राहू देत," अफीफ म्हणाला. "कप तसाच ठेवतो. पुढच्या गुरुवारी तेवढे खेळू आणि मग नवा कप."

३

बुधवारी पुरलं. गुरुवारी दुपारी घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं होतं. भिंतीलगत खुर्च्या मांडून माणसं बसली होती आणि दुखवट्याच्या बिनसाखरेच्या कडू कॉफीचे छोटे कप फिरत होते. नखलेनं एक घेतला, अफीफच्या बायकोच्या, विदादच्या, हातावर हात ठेवला, म्हणायचं ते म्हणाला. ती त्याच्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष त्याच्या खांद्यावरून मागे, बोळाच्या टोकाकडे होतं.

तो बोळातून मागच्या खोलीत गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. गुरुवारची दुपार होती आणि पाय तिकडेच वळले.

टेबल तसंच होतं. चार ढीग चकत्यांचे, मध्ये पत्त्यांचा गठ्ठा, त्याच्या स्वतःच्या जागेसमोर काळी सोंगटी. अफीफची वेताची खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकलेली होती. आणि समोर बशीत पालथा कप.

कपाच्या काठाखालून कॉफीचा बारीक ओघळ बशीत उतरला होता. नखलेनं बोट लावलं. ओला होता.

तो वाकला. इलायचीचा वास आला, आणि त्याच्या मागोमाग साखरेचा. अफीफ मध्यम गोड प्यायचा. पण या घरात मंगळवारपासून कुणी साखरेची कॉफी केली नव्हती, करणारही नव्हतं.

कुणी पाहुण्यानं आणून ठेवला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. एखाद्या पोरानं. पोरांना कडू जात नाही. मग त्यानं कपाच्या पाठीवर तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला. कप कोमट होता. बंद खोली, झडपा तापलेल्या, चिनी मातीही तापणारच.

हे सगळं पटण्यासारखं होतं. तो दिवाणखान्यात येऊन बसला आणि आपली कडू कॉफी त्यानं शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

४

काही आठवड्यांनी विदाद दुकानात आली. चष्म्याची केस टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"नंबर वाढला का?" नखलेनं विचारलं. "बस. कॉफी सांगतो."

"कॉफीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर." ती बसली. "नखले, तू त्याला माझ्या आधीपासून ओळखतोस. मला सांग, माझा नवरा कधी कुणाच्या घरी गरजेपेक्षा जास्त बसला?"

"कधीच नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात केक कापायच्या आत निघाला होता."

"मग आता का बसलाय?"

नखलेनं हातातली काच खाली ठेवली.

"खुर्ची करकरते," ती म्हणाली. "तो उठताना करायचा ना, आधी टेबलाच्या कडेवर हात, मग कंबर, तशी. करकरते, आणि मग पुन्हा बसल्यासारखी होते. उठायला जातो आणि बसतो. उठायला जातो आणि बसतो."

"वेत आहे तो, विदाद. समुद्राची दमट हवा. आवाज करतोच."

"माझ्या लग्नापासून तोच वेत आहे आणि तीच हवा आहे."

"गुरुवारी होतं का?"

"आधी फक्त गुरुवारी व्हायचं."

बाहेर जनरेटर सुरू झाला. दुकानातले दिवे मिणमिणले आणि स्थिरावले.

"रीमानं तिकीट पाठवलंय," विदाद म्हणाली. "चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली की मी मॉन्ट्रियलला जाणार, लेकीकडे, कायमची. त्याला असा बसलेला टाकून जाऊ? तो माणूस दमलाय रे. मला त्या आवाजातून कळतं. तेवढे दोन डाव उरकून टाका. तिघं या, खेळा, उठा. त्याला पण उठू दे."

"बघतो."

"बघतो नाही. येतो म्हण."

"येतो," नखले म्हणाला.

त्याला भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं, आणि तो त्याचं नाव घ्यायला तयार नव्हता. त्या सगळ्या बोलण्यातून त्यानं एवढंच ऐकलं होतं की अफीफ अजून बसलाय.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि पाचव्या मजल्याच्या जिन्यावर, अफीफच्या मागच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बराच वेळ काही नव्हतं. मग भिंतीच्या आत वेत करकरला. थांबला. पुन्हा करकरला.

नखलेनं डोळे मिटून घेतले. किती तरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. विदादला त्यानं हे सांगितलं नाही.

५

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, चर्चच्या पायऱ्यांवर हस्तांदोलनं झाली, आणि तिघं काळ्या सुटांत तसेच अफीफच्या घरी आले. दिवाणखान्यात खोकी बांधून ठेवली होती. समआननं भट्टीतून झातरचा मसाला आणि तेल लावलेल्या रोट्या आणल्या होत्या. खोलीत शिरताना त्या कुठे ठेवाव्यात हे त्याला कळेना.

"टेबलावर नको," हागोप म्हणाला. "पत्ते तेलकट होतील. अफीफ ओरडेल." मग त्याच्या लक्षात आलं.

"ओरडू दे की," समआन म्हणाला. "मला तर आवडेल." पण त्यानं रोट्या बाहेर नेऊन ठेवल्या.

तिघं आपापल्या जागी बसले. विदाद दारात उभी राहिली, चौकटीला टेकून.

"कोट काढू का?" हागोपनं विचारलं. "गरम होतंय."

"दोन डावांसाठी कशाला काढतोस?" समआन म्हणाला.

"मी विद्यार्थ्यांना सांगतो, गाडी बंद करायची तर घाईत करू नये. आधी ब्रेक, मग गिअर..."

"हागोप, तुझी एक विद्यार्थिनी माझ्या भट्टीच्या भिंतीत घुसली होती. बस गुपचूप."

नखलेनं गठ्ठा उचलला. पत्ते थंड होते. त्यांचा खेळ जुन्या पद्धतीचा, सत्त्यापासून वरचीच पानं, प्रत्येकाला पाच. त्यानं पिसले, डावीकडून सुरुवात केली, आणि सगळं वाटून झाल्यावर त्याला दिसलं की त्यानं चार हात वाटलेत. पहिला हात अफीफच्या खुर्चीसमोर पडला होता.

"सवय," तो म्हणाला.

"राहू दे," समआन म्हणाला. "बरोबरच आहे."

डाव सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं एक चकती मध्ये टाकायची असते. नखलेनं टाकली, समआननं टाकली, हागोपनं टाकली. मध्ये चार होत्या.

नखलेला वाटलं समआननं अफीफच्या वाटची टाकली. चांगलं केलं. त्यानं समआनकडे बघून मान हलवली. समआन हागोपकडे बघत होता, तसंच काहीसं मनात आणून. आणि हागोप नखलेकडे.

झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. अफीफच्या ढिगातली वरची चकती नव्हती. खालचीवर तिच्या आकाराची, धूळ न बसलेली गोल जागा होती.

६

नखलेनं वाटलेल्या डावात पहिली पाळी अफीफची येत होती.

"आता?" हागोप हळूच म्हणाला. "त्याचे पत्ते टाकून देऊ का? कुणीतरी टाका."

"तू टाक."

"मी त्याच्या पत्त्यांना हात लावणार नाही. जिवंतपणी तरी लावू द्यायचा का?"

टक्.

आवाज मोठा नव्हता. लाकडावर धातू आपटल्याचा, एकदाच. टेबलावर आला, की टेबलाच्या खालून, की पलीकडच्या भिंतीतून, हे सांगता आलं नसतं.

"पाण्याचा पाइप," हागोप म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "टाकी भरत असेल."

"अंगठी तर त्याच्या बोटातच होती," समआन पुटपुटला. "पुरलं तेव्हा. मी पाहिली."

"पाइप म्हणतोय ना मी!"

"बरं, पाइप."

दारात विदाद हलली नाही. ती फक्त म्हणाली, "त्यानं पाळी पुढे सोडली. खेळा."

समआननं पत्ते न बघताच बोटानं टेबलावर टक् केलं. हागोपनं केलं. नखलेनंही केलं. कुणीच चाल दिली नाही की डाव मरतो, आणि मधल्या चकत्या पुढच्या डावासाठी तशाच राहतात. पत्ते गोळा झाले; अफीफच्या हातातली पाच पानं कुणी गोळा केली ते नखलेनं पाहिलं नाही. त्यानं बघायचं टाळलं.

मग तो सोंगटीवर बोट ठेवून बसला. एवढी डावीकडे सरकवली की उरणार एक डाव. तो झाला की अफीफ उठेल. खोली रिकामी होईल, टेबल समआनचा पुतण्या घेऊन जाईल, आणि पुढच्या गुरुवारी दुपारी पाचव्या मजल्याच्या भिंतीत काही नसेल.

"नखले," विदाद म्हणाली.

त्यानं सोंगटी सरकवली.

७

"आणि वाटणार कोण?" हागोपनं विचारलं. "शेवटचा डाव दुसऱ्या कुणी वाटायचा नाही, नियम आहे."

"मदामला वाटू दे," समआन म्हणाला. "त्याच्या घरचंच माणूस."

विदादनं मान हलवली. "मी नाही."

नखलेनं डोळ्यांवरचा जवळचा चष्मा काढला आणि सुटाच्या अस्तरानं पुसायला लागला. विचार करायला वेळ हवा असला की तो तेच करायचा. तेवढ्यात वीज गेली.

रोजचंच होतं. सरकारी वीज गेली की जनरेटरची यायला मध्ये थोडा वेळ लागतो, आणि त्या वेळात सगळं शहर जागच्या जागी थांबतं. फटींतल्या उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर होत्या, पण टेबल अंधारात गेलं. कुणी हललं नाही. समआनचा श्वास ऐकू येत होता.

मग गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केल्याचा आवाज आला. एकदा आडवा, एकदा उभा. पत्ते पिसल्याची फडफड. आणि नंतर एकेक पान लाकडावरून घसरत येताना जी सूऽऽ होते ती. नखलेच्या मनगटाला काहीतरी थंड आणि सपाट लागलं, आणि काही वेळानं दुसरं. वाटणारा घाईत नव्हता. मधूनच वेत करकरत होता.

दिवा लागला तेव्हा नखलेच्या हातात चष्मा तसाच उचललेला होता. पुसून झाल्यावर डाग राहिलाय का हे तो नेहमी काच लांब धरून बघायचा, तसा. जाड भिंग लांब धरलं की त्यात पलीकडची खोली छोटी आणि उलटी दिसते. धंद्यात रोज दिसते, तो तिच्याकडे कधी लक्ष देत नसे. आता त्याला भिंगात दिवा खाली आणि टेबल वर दिसलं. कपाट दिसलं. आणि कपाटासमोर, उलटी, नखाएवढी, वेताच्या खुर्चीतली आकृती.

ती बसलेली नव्हती आणि उभीही नव्हती. एक हात टेबलाच्या कडेवर, कंबर खुर्चीतून अर्धी सुटलेली, मान नखलेकडे वळलेली. चेहरा एवढासा होता, तरी त्यावरचा भाव त्याला ओळखू आला. हॉस्पिटलात कुणाच्या तरी उशाशी रात्रभर जागलेला माणूस सकाळी बदलीच्या माणसाकडे बघतो, तसा.

त्यानं चष्मा खाली घेतला. खुर्ची रिकामी होती. टेबलापासून अजून थोडी मागे सरकली होती.

टेबलावर चार हात वाटलेले होते. प्रत्येकासमोर पाच पानं, नीट एकावर एक. मध्ये चार चकत्या.

८

"कुणी वाटले?" हागोपनं विचारलं.

पहिली पाळी समआनची. त्यानं छातीवर क्रूस केला, पत्ते न उचलता मध्ये ढकलले. "मी टाकले. सुखानं जा, अफीफ. फार चांगला होतास."

हागोपनं आपले पत्ते पुढे सरकवले. "मीही टाकले," तो म्हणाला, आणि मग एकदम, रडवेल्या आवाजात, "माझ्याकडून नेहमी जिंकायचा, हरामखोर. घे, हेही घे."

आता नखले. त्यानं पत्ते टाकले की चकत्या अफीफच्या, डाव संपला, खेळ संपला. बाकी काही करायचं नव्हतं. पाच कागद बोटभर पुढे सरकवायचे.

त्यानं ते उचलले आणि उलटे, छातीशी धरले.

"बघू नकोस," समआन म्हणाला. "टाकून दे."

"बघत नाहीये."

"मग?"

टकटक.

या वेळी पाइपाचं नाव कुणी घेतलं नाही. आवाज टेबलावरच झाला होता, अफीफच्या जागेवर, आणि चकत्यांचा ढीग त्यानं हलला होता.

"नखले," विदाद दारातून म्हणाली. आवाज हळू होता. "टाक रे राजा. त्याला उठू दे."

नखलेनं अफीफच्या खुर्चीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. कितीतरी वेळ तो स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला. अफीफचं बोलणं त्याला आठवलं, आणि ते आठवूनही उपयोग झाला नाही.

टकटक.

तो उठला. आयुष्यात तळघरानंतर पहिल्यांदा तो डाव संपायच्या आधी उठला. पत्ते कोटाच्या आतल्या खिशात घातले, दारात विदादला ओलांडताना तिनं त्याची बाही धरली, तेव्हा ती त्यानं हळूच सोडवली.

"नखले! असा जाऊ नकोस! नखले, तो अर्धा उठलाय!"

जिन्यावर त्याला तिचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.

९

विदाद गेली. ठरल्या दिवशी, ठरल्या विमानानं. हागोप तिला विमानतळावर सोडून आला. पोचल्यावर तिचा एकदाच फोन आला.

"निघायच्या आदल्या दिवशी मी कप उचलून पाहिला," ती म्हणाली. "कोरडा ठक्क होता. खोलीतही काही आवाज नव्हता. एवढी शांत खोली मी कधी पाहिली नाही." मग थोडं थांबून, "तुझ्याकडे आहे ना तो?"

नखलेनं फोन कानाला धरून ठेवला.

"तो दमलाय, नखले," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक लोखंडी खुर्ची आहे. तिच्यावर हल्ली कुणी फार वेळ बसत नाही. त्या सिस्टर पुन्हा आल्या होत्या, उजव्या दांडीसाठी, त्या उभ्याच राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "तुझ्याकडे कुणी वाट बघत बसलंय, त्यांचं आधी करायचं होतंस."

टेबलावर जाड काच आहे. काचेवर धातू आपटला की आवाज लाकडापेक्षा स्वच्छ येतो. आधी तो गुरुवारी दुपारी यायचा, वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या त्या मधल्या वेळात. आता दिवसाकाठी कधीही येतो. पूर्वीसारखा सावकाश नाही. दोन, आणि लगेच दोन, आणि लगेच दोन. नखले काम करत राहतो. पाठ त्या खुर्चीकडे करून बसतो आणि कुठलीही काच हातात लांब धरत नाही. घरी निघताना दिवा मालवून तो क्षणभर दारात थांबतो, आणि कडी लावायच्या आधी म्हणतो, "उद्या, अफीफ."

पाच पानं वरच्या खणात आहेत, काचा पुसायच्या फडक्याखाली. त्यानं ती उलटून पाहिलेली नाहीत, आणि अजून टाकलेलीही नाहीत.